पाऊण मीटरात गुढी

कूलरच्या लोखंडी स्टँडला सुतळीने बांधलेली वेळूची काठी.

शाईचं बारीक पेन, टोपण हरवलेलं.

चाळीस हिरवे, एक लाल.

"ये लोटा उल्टा क्यों है?"

दाढीचं अर्धं ब्लेड, एका बाजूला चिकटपट्टी गुंडाळलेलं.

सतरा अंश.

३१ मार्च.

स्थळदर्शक

ही सगळी एकाच घराची सामग्री. घर अजून उभं नाही.

जागा मात्र आहे. गाझियाबादेत, मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, जेमतेम दोनशे गजांचा तुकडा. तीन बाजूंना तीन-तीन मजल्यांची घरं, चौथीला रस्ता, आणि मधोमध कमरेएवढं गवत, ज्यात कुणाची तरी काळी बकरी कायम वस्तीला असल्यासारखी चरत असते. गुलाबराव हिरवे केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर असताना सोडतीत त्यांना ही जागा लागली. मग बदल्या झाल्या, मुलीचं शिक्षण झालं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घर तेवढं व्हायचं राहिलं. जागा देणाऱ्यांची अट अशी की ठरल्या मुदतीत बांधकामाचा नकाशा पास करून घ्यायचा. गुलाबरावांनी दोनदा मुदत वाढवून घेतली. तिसऱ्यांदा मिळाली ती शेवटची, असं पत्रातच ठळक अक्षरांत छापून आलं. ३१ मार्चपर्यंत नकाशा पास झाला नाही, तर जागा परत.

आणि नकाशा काढणार होती त्यांची बायको.

आरेखन

कुसुमावती हिरवे चौतीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होती. बाई असली तरी पदाचं नाव ड्राफ्ट्समनच. ते बदलावं असं खात्याला कधी सुचलं नाही, आणि खात्याला सुचवायला जाईल अशी कुसुमावती नव्हती. दिल्लीतल्या कितीतरी सरकारी वसाहतींचे जिने, मोऱ्या आणि गॅलऱ्या तिच्या हाताखालून गेल्या. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन चौकटी असत: काढणार, तपासणार, मंजूर करणार. शेवटच्या दोन चौकटींत लांबलचक सह्या. पहिलीत नुसतं 'कु.'. चौतीस वर्षं, एक अक्षर आणि एक टिंब.

पण तिचा कागद ओळखायला त्या अक्षराची गरज पडत नसे. तिच्या दोन रेघा कोपऱ्यात भेटल्या की एकमेकींना ओलांडून केसभर पुढे जायच्या. सगळ्या कोपऱ्यांत, सारख्याच केसभर. नवे इंजिनिअर रुजू झाले की त्यांना तिच्या टेबलाशी आणून दाखवायचे, बघा, रेघ अशी असते.

निवृत्त झाल्यावर हे दोघं गाझियाबादेत भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले. तिथल्या जेवणाच्या टेबलावर तिने ट्रेसिंग पेपर पसरला आणि चारही कोपरे चिकटवून टाकले. पेनचं टोपण कुठल्याशा सामान-हलवीत हरवलं होतं, म्हणून पेन रोज रात्री ओल्या कापसात निजायचं. तीन महिने गुलाबराव सोफ्यावर बसून, ताट मांडीवर घेऊन जेवले. एकदाच म्हणाले, "मीठ टेबलावर आहे, पण तिथे आता बेडरूम आहे. ओलांडून जाऊ का?"

"चपला काढून जा," कुसुमावती म्हणाली.

त्यांची मुलगी सुरुची आर्किटेक्ट. ऑफिस नोएडात, सेक्टर त्रेसष्टमध्ये. तिच्याकडे दोन कामं होती: आईचा नकाशा कॉम्प्युटरवर जसाच्या तसा उतरवायचा, आणि सही करायची, कारण सही चालते ती नोंदणी झालेल्या आर्किटेक्टचीच.

"आई, तू फक्त स्केच दे यार. बाकी मी करते."

"स्केच नाही, नकाशा देते. त्यातली एक रेघ हलवायची नाही."

"अगं, मी आर्किटेक्ट आहे!"

"म्हणून तर आधीच सांगतेय."

फेब्रुवारीच्या शेवटी नकाशा ऑनलाइन चढवला. आता तिथे आधी कॉम्प्युटरच तपासतो: खोल्यांची मापं, जिन्याच्या पायऱ्या, हवा, उजेड, मोकळी जागा. प्रत्येक बाबीपुढे हिरवा नाहीतर लाल ठिपका. सातव्या दिवशी सुरुचीचा ऑफिसातून फोन आला, आणि आवाज इतका मोठा की गुलाबरावांना सोफ्यावर ऐकू गेला.

"आई, चाळीस हिरवे! पहिल्या फटक्यात! आमच्याकडे मोठ्या सरांचेसुद्धा पंचवीसच्या वर जात नाहीत. सगळं ऑफिस बघायला आलंय."

"एकूण किती असतात?"

"एकेचाळीस."

"मग एक कुठाय?"

हरकत

'समोरील मोकळ्या जागेत १.४७ मीटर प्रक्षेप. कमाल मर्यादा ०.७५ मीटर. अमान्य.'

म्हणजे असं, की रस्त्याच्या बाजूला तीन मीटर जागा मोकळी ठेवायची. तिच्यावर फक्त छज्जा येऊ शकतो, तोही पाऊण मीटर. आणि हिरव्यांच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून काहीतरी जवळजवळ दीड मीटर बाहेर आलं होतं.

संध्याकाळी सुरुची लॅपटॉप घेऊन घरी आली. "ही तुटक रेघ, गॅलरीतून बाहेर जाणारी. तुटक म्हणजे वर काहीतरी पुढे आलेलं, म्हणून मी ती प्रक्षेपात टाकली. आहे काय ही?"

"बरोबर टाकलीस. गुढी आहे."

सुरुचीने स्क्रीनवर ती रेघ मोठी करून पाहिली.

"ही काठी," कुसुमावतीने पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाखवलं. "ह्या दोन लोखंडी कड्या. खालची गॅलरीच्या जमिनीत, वरची कठड्याला. टोकाला हा तांब्या."

"आई, नकाशात गुढी कोण काढतं?"

"ज्याच्या घरात उभी राहणार आहे, तो."

"अगं, सोफा काढतेस का? टीव्ही काढतेस? गुढी वर्षातून एक दिवस!"

गुलाबराव मध्ये पडले. "कूलरला बांधत होतोच की आपण."

तेच. सरकारी क्वार्टरात भिंतीला खिळा मारायची परवानगी नव्हती आणि कुसुमावतीने तो कधी मारला नाही. समोरच्या गॅलरीच्या कठड्याला काठी टिकत नसे. पहिल्याच वर्षी ती खालच्या सरदारजींच्या स्कूटरवर पडली होती. तेव्हापासून दर पाडव्याला गुढी मागच्या खिडकीत, कूलरच्या स्टँडला, सुतळीचे आठ वेढे देऊन. मागच्या गल्लीतून फक्त कचऱ्याची गाडी जायची. एकतीस वर्षं त्यांची गुढी कचऱ्याच्या गाडीने पाहिली.

"बाबा, तुम्ही सांगा ना हिला," सुरुची म्हणाली. "मी आत्ता ही रेघ उडवते. परवा नकाशा पास. घर झालं की गुढी बांध, दहा बांध. काठीला परवानगी लागतच नाही!"

"माहीत आहे मला."

"मग?"

कुसुमावती टेबलाच्या कडेवरचा शाईचा डाग नखाने घासत होती. "मी लोकांची घरं काढली. कागदावर होतं ते मिस्त्रीने केलं. कागदावर नव्हतं ते लोकांनी सुतळीने बांधलं. माझ्या घरात मला सुतळी नको. मला मंजूर झालेली कडी पाहिजे, शिक्क्याखालची."

"आणि जागा गेली तर?" गुलाबरावांनी विचारलं. हे मात्र त्यांनी थट्टेने विचारलं नव्हतं.

"एकतीस तारीख लांब आहे."

"पंचवीस दिवस."

"तेच म्हणतेय."

काटछेद, १९९१

ट्रेसिंगवरची शाई रबराने जात नाही. ब्लेडच्या कोपऱ्याने ती हलकेच खरवडायची, मग ती जागा नखाने घोटून गुळगुळीत करायची, म्हणजे नवी शाई पसरत नाही. ह्या कामासाठी खात्यात दाढीची ब्लेडं मधोमध मोडून, एका बाजूला चिकटपट्टी लावून ठेवलेली असत.

कुसुमावती तेव्हा अठ्ठावीसची. टाइप-दोन क्वार्टरांची वसाहत व्हायची होती आणि घराचा नकाशा तिच्या टेबलावर आला होता. गॅलरीच्या कठड्याला तिने एक बारीक गोल काढला, त्याला दोन छोट्या रेघा.

हेड ड्राफ्ट्समन होते भाऊसाहेब. साताऱ्याकडचे, जुने, चष्मा दोऱ्याने गळ्यात. त्यांनी त्या गोलावर बोट ठेवलं.

"हे काय गं?"

"कडी, भाऊसाहेब. पाडव्याला काठी लावायला."

भाऊसाहेब स्वतः दर वर्षी खिडकीच्या बिजागरीला काठी बांधायचे. त्यांनी चष्मा नाकावर चढवून तो गोल पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "एकशे अठ्ठावीस घरं आहेत. मराठी माणसं राहणार चार. सरकारी घराला सण नसतो, कुसुम." आणि खण उघडून त्यांनी अर्धं ब्लेड काढलं.

कडी खरवडली गेली.

पुढच्या वर्षी त्याच वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, गुलाबरावांना क्वार्टर मिळालं.

टीप

सर्व मापं मीटरमध्ये. काठीचं माप मात्र तिच्या वडिलांनी घेतलं होतं तसंच: उभं राहून हात वर करायचा, आणि वर आणखी दोन हात.

कचेरी

कचेरीबाहेर पत्र्याच्या टपऱ्या. नकाशे काढून देणारे, फॉर्म भरून देणारे, झेरॉक्सवाले. खांद्याला नकाशाची लांब नळी अडकवलेली बाई आणि तिच्यामागून येणारे गुलाबराव बघून एकजण स्टुलावरून उठला.

"आंटी जी, नक्शा? लाइए, हम बना देंगे. किससे बनवाया?"

"मैंने बनाया."

तो परत बसला.

ह्या भागाचे ज्युनिअर इंजिनिअर अनुराग त्यागी. वय तिशीच्या आतबाहेर, समोर फायली, एका कपावर बशी झाकलेली. त्यांनी स्क्रीनवर नकाशा उघडला, लाल ठिपका बघितला आणि सुटकेचा श्वास सोडला, की चला, हे काम सोपं आहे.

"मैडम, इसमें तो कुछ है ही नहीं. ये डंडा हटा दीजिए, पास हो जाएगा."

"डंडा नहीं है. गुढी है."

"जो भी है. हटा दीजिए."

"हटाने से पहले देख तो लीजिए," कुसुमावती म्हणाली आणि नळीतून ट्रेसिंग काढून त्यांच्या टेबलावर पसरलं. अनुराग त्यागींनी कागद दाबायला बशी ठेवली. कुसुमावतीने बशी उचलून बाजूला केली आणि तिथे आपलं चष्म्याचं घर ठेवलं.

ते वाकले. कॉलेजात पहिल्या वर्षी सगळ्यांना हाताने काढायला लावतात, त्यानंतर त्यांनी असा कागद पाहिला नव्हता. आणि असा तर तेव्हाही पाहिला नव्हता. विटांच्या भिंतीतली बारीक तिरकी रेघाटी, प्रत्येक रेघ शेजारणीपासून सारख्या अंतरावर. जिन्यावरचा बाण. अक्षरं तर छापल्यासारखी.

"ये प्रिंट है?"

"हाथ है."

त्यांचं बोट आपोआप पुढे आलं.

"छूना मत. पसीना लगता है."

अनुराग त्यागींनी हात मागे घेतला आणि का कोण जाणे, पाठीमागे बांधला. गुलाबराव खिडकीबाहेर बघू लागले. हसू आलं की ते नेहमी खिडकीबाहेर बघतात.

"छज्जा पौन मीटर चलता है ना?" कुसुमावतीने विचारलं.

"छज्जा चलता है."

"तो गुढी पौन मीटर के अंदर बिठा दूँ तो?"

"मैडम, कंप्यूटर में छज्जे का खाना है, गुढी का खाना ही नहीं है. ऐसी चीज़ पर मुझे अपने हाथ से टिप्पणी लिखनी पड़ेगी. उसके लिए मौके पर आकर नापना पड़ेगा." त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "नया नक्शा चढ़ा दीजिए. मैं उन्नीस को सुबह आ सकता हूँ. बीस से ट्रेनिंग है, फिर सीधे अप्रैल में लौटूँगा. उन्नीस को नहीं जमा, तो दोबारा नंबर लगेगा." ते थांबले. "आंटी जी, मेरी मानिए. डंडा हटा दीजिए."

मैडमची आंटी जी कधी झाली ते त्यांनाही कळलं नसावं.

"उन्नीस को आइए," कुसुमावती म्हणाली.

जिना उतरताना गुलाबराव एका पायरीवर थांबले. "एकोणीस म्हणजे..."

"हो."

"पाडवा."

"हो म्हटलं ना."

गणित

कठड्याच्या वर काठी दोन मीटर वीस. तांब्याचा घेर धरून बाजूला सहा सेंटिमीटर. पूर्वीची गुढी चाळीस अंशांत कललेली होती, कारण कूलरला ती तशीच कलायची आणि हाताला तीच सवय. अठरा अंश केले तर पाऊण मीटरला नखभर बाकी. नखभर नको. सतरा केले: चौसष्ट आणि सहा, सत्तर. हरकतीच्या प्रिंटच्या पाठीवर तिने हे केलं, मेट्रोत, कॅल्क्युलेटरशिवाय. शेजारी बसलेल्या मुलीने पुस्तक मिटून बघितलं. मग घरी येऊन ब्लेड काढलं, चाळीस अंशांची काठी खरवडली, जागा नखाने घोटली आणि सतरा अंशांची काढली.

सुरुचीने ती कॉम्प्युटरवर उतरवली. चढवायचं बटण दाबण्याआधी तिने आईकडे बघितलं.

"दाबू? हे दाबलं की मागे जाता येणार नाही, आई. एकोणीसला तो नाही म्हणाला तर एकतीसच्या आत दुसरा नंबर लागत नाही. जागा जाईल. तुला कळतंय ना?"

"मला सतरा अंश कळतात," कुसुमावती म्हणाली. पण त्या रात्री तिने जेवण अर्धं टाकलं, आणि गुलाबरावांनी ते पाहिलं.

जागेवर

एकोणीसच्या आदल्या दिवशी गवत कापून घेतलं. बकरी कडेला उभी राहून हे पाहत होती. सुरुची संध्याकाळी ऑफिसातून थेट दिल्लीला, मराठी सणाचं सामान मिळतं त्या कोपर्निकस मार्गावर जाऊन साखरेची गाठी घेऊन आली.

पाडव्याला सकाळी सातला तिघं जागेवर. घर नाही, गॅलरी नाही; म्हणून कुसुमावतीने गॅलरीची कड जमिनीवर चुन्याने आखली. कडेवर मीटरभर उंचीला एक आडवा वेळू घट्ट बांधला, हाच कठडा. त्याला लोखंडी कडी. दुसरी कडी आतल्या बाजूला, जमिनीत ठोकलेली. दोन्ही कड्या तिने लोहाराकडून करून आणल्या होत्या, नकाशात होत्या त्याच मापाच्या. काठीला तेल लावलं, वर हिरवं काठाचं नवं पातळ चुण्या करून, कडुलिंबाचा डहाळा, गाठी, आणि तांब्या उपडा. गुलाबरावांनी जुना बंद गळ्याचा कोट घातला होता. तिघांनी मिळून गुढी उभी केली, खालची कडी, मग वरची. टक्क झालं. सुतळी नव्हती.

शेजारच्या गच्चीवरून एक बाई ओरडली, "आज कोई पूजा है क्या?"

"नक्शा पास हो रहा है!" गुलाबरावांनी वर बघून सांगितलं.

साडेआठला अनुराग त्यागी मोटरसायकलवरून आले. फाटकातच थांबले. सगळ्या राखाडी प्लॉटमध्ये ते एकच हिरवं पातळ फडफडत होतं.

"ये... यही है?"

"यही है."

त्यांनी एक चक्कर मारली. "ये लोटा उल्टा क्यों है?"

"सीधा रखेंगे तो उसमें बंदर पानी पिएगा," गुलाबराव म्हणाले.

सुरुचीला हसू आवरेना. कुसुमावती हसली नाही. तिने पिशवीतून ओळंबा काढला, पितळेचा, दोऱ्याला लटकणारा, खात्यातून निवृत्त होताना तिने फक्त हाच मागून घेतला होता. रंगाऱ्याकडून आणलेल्या उंच स्टुलावर चढून तिने तांब्याच्या सगळ्यात बाहेरच्या कडेला दोरा लावला आणि वजन खाली सोडलं. ते चुन्याच्या रेघेपुढे जमिनीपाशी येऊन डोलत राहिलं.

अनुराग त्यागींनी टेप काढला. एक टोक सुरुचीने चुन्याच्या रेघेवर धरलं. ते उकिडवे बसले.

"इकहत्तर."

"सत्तर," कुसुमावती स्टुलावरून म्हणाली.

"मैडम, इकहत्तर है."

"हवा है. धागा रुकने दीजिए."

"आंटी जी, पिचहत्तर तक चलता है. इकहत्तर भी पास ही है!"

"पास होना अलग बात है. नक्शे में सत्तर लिखा है."

मग चौघं त्या प्लॉटमध्ये वजन थांबायची वाट बघत राहिले. गच्चीवरची बाई कठड्यावर वाकली. बकरीनेसुद्धा चरणं थांबवलं असं गुलाबराव पुढे सगळ्यांना सांगत असत, पण ते त्यांच्या पदरचं. ओळंबा डावीकडे गेला, उजवीकडे आला, लहान होत गेला. पातळ काठीला चिकटून राहिलं. वजन थांबलं.

अनुराग त्यागींनी चष्मा वर केला, टेपवर वाकून बघितलं, आणि परत एकदा बघितलं.

"सत्तर," ते म्हणाले.

कुसुमावती स्टुलावरून उतरली. गुलाबरावांनी तिला हात दिला होता तो तिने धरला, आणि उतरून झाल्यावरही जरा वेळ सोडला नाही.

अनुराग त्यागींनी फोनवर चारही बाजूंनी फोटो काढले. मग टिप्पणी लिहायला लागले आणि अडले. "क्या लिखूँ इसे? जो लिखूँगा वही हमेशा के लिए रिकॉर्ड में जाएगा."

"जो है, वही लिखिए."

त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: "प्रथम तल, पर्व-ध्वज के लिए लोहे की दो कड़ियाँ. मौके पर नापा. सत्तर सेंटीमीटर. मान्य."

सुरुचीने डबा पुढे केला. त्यांनी दोन्ही हात वर केले. "नहीं नहीं, ड्यूटी पर मैं कुछ नहीं लेता."

"ये ले सकते हैं," कुसुमावती म्हणाली. "खाके देखिए, कोई इसे रिश्वत नहीं कहेगा."

गूळ, ओवा आणि कडुलिंबाची कोवळी पानं वाटून केलेली ती गोळी त्यांनी तोंडात टाकली. त्यांचा चेहरा बघून गच्चीवरची बाईसुद्धा हसली.

मंजुरी

चोवीस तारखेला मेसेज आला. एकतीसला सात दिवस बाकी होते.

सुरुचीने नोएडात मोठ्या कागदावर प्रिंट काढून घेतली आणि संध्याकाळी घरी आणली. टेबलावर आता ट्रेसिंग नव्हतं. गुलाबरावांचं ताट, मिठाची वाटी, सगळं आपापल्या जागी आलं होतं. ते पुन्हा उचलावं लागलं.

कागदावर निळा शिक्का. एकेचाळीस बाबी, एकेचाळीस हिरव्या. पहिल्या मजल्याच्या गॅलरीपुढे सतरा अंशांची तुटक रेघ, तिच्या खाली दोन बारीक गोल, आणि शिक्क्याची कड बरोबर त्यांच्यावरून गेलेली.

कुसुमावतीने भिंग घेतलं. सवयीने आधी उजव्या कोपऱ्यात गेली. मालक: गुलाबराव हिरवे. आर्किटेक्ट: सुरुची हिरवे. तपासणार: अनुराग त्यागी. त्यांच्या डावीकडे आणखी एक चौकट होती.

आरेखन: कुसुमावती गुलाबराव हिरवे.

सबंध नाव. तिने ते दोनदा वाचलं.

"ही चौकट त्यांच्या नमुन्यात नव्हती."

"नव्हती," सुरुची म्हणाली.

"मी तुला सांगितलं होतं, एक रेघ हलवायची नाही."

"हलवली नाही. चार नवीन काढल्या."

कुसुमावतीने भिंग चौकटीच्या कोपऱ्यावर नेलं. कॉम्प्युटर दोन रेघा कोपऱ्यात आणून तिथेच बंद करतो. पुढे जाऊ देत नाही, मुद्दाम न्याव्या लागतात. ह्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांत रेघा एकमेकींना ओलांडून पुढे गेल्या होत्या. केसभर.

"कशी आहे?" सुरुचीने विचारलं. आर्किटेक्टच्या आवाजात नाही.

कुसुमावतीने चारही कोपरे नीट तपासले, एकही न सोडता. "चांगली आहे," ती म्हणाली. "रेघ चांगली आहे तुझी."

गुलाबराव खिडकीबाहेर बघत होते.

१९९१ साली भाऊसाहेबांनी ब्लेड फक्त पुढे केलं होतं. कडी कुसुमावतीने स्वतःच्या हाताने खरवडली होती.